पाणबुडीच्या मॉडेलसाठी एअर पंप निवडताना लिटर नंतर बघा, दाब आधी

आजचा भाग आहे रिमोटवर चालणाऱ्या पाणबुडीबद्दल, आणि त्यातही एकाच पार्टबद्दल: बॅलास्टचा एअर पंप. बरेच जण शॉपिंग साइट उघडतात, 'मिनिटाला २ लिटर' असं लिहिलेला स्वस्त पंप कार्टमध्ये टाकतात आणि मोकळे होतात. घरात तो पंप मस्त चालतो. तलावात बोट खाली जाते, आणि मग वर येत नाही. कित्येक महिन्यांची मेहनत गाळात. म्हणून आज जरा आकडेमोड करूया. घाबरू नका, अकरावीचा बॉइलचा नियम पुरतो.

आधी बेसिक. बॅलास्टमध्ये पाणी घेतलं की पाणबुडी बुडते, ते पाणी हवेने बाहेर ढकललं की वर येते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस कलवरीसारख्या खऱ्या पाणबुडीत यासाठी प्रचंड दाबाची हवा बाटल्यांमध्ये भरलेली असते. मॉडेलमध्ये एक सोपी पद्धत वापरतात. बोटीचा एक भाग कोरडा आणि सीलबंद, दुसऱ्या भागात पाणी खेळतं. या ओल्या भागात एक पिशवी बसवायची. पंप कोरड्या भागातली हवा ओढून पिशवीत भरतो, पिशवी फुगते, पाणी बाहेर जातं, बोट वर येते. खाली जायचं असेल तर व्हॉल्व्ह उघडायचा, हवा परत कोरड्या भागात येते. तीच हवा पुन्हा पुन्हा वापरायची.

आता आकडे. पाण्यात १ मीटर खाली गेलं की दाब साधारण ०.१ बारने वाढतो. मग १ मीटर खोलीसाठी ०.१ बारचा पंप पुरेल, असं वाटतं ना? नाही पुरत.

समजा, कोरड्या भागात ४ लिटर हवा आहे आणि पिशवी ५०० मिलीची. १ मीटर खाली पिशवी फुगवायची तर आतली हवा १.१ बारला असायला हवी. म्हणजे साध्या दाबाची ५५० मिली हवा बोटीतून काढावी लागली. उरली ३.४५ लिटर, पण ती पसरणार पूर्ण ४ लिटर जागेत. म्हणून बोटीच्या आतला दाब उतरून ०.८६ बार होतो. पंपाच्या एका बाजूला ०.८६, दुसऱ्या बाजूला १.१. फरक ०.२४ बार! यात खोलीचा वाटा फक्त ०.१. बाकीचा ०.१४ आपणच आतली हवा काढून तयार केला.

बोट छोटी असेल तर आणखी अवघड. कोरड्या भागात २ लिटरच हवा असेल, तर हाच फरक ०.३७ बारच्या वर जातो. अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. बोट १ मीटरवर असली तरी शाफ्टच्या सीलवर मात्र २.४ मीटर खोलीइतका ताण येतो. 'वर येतानाच पाणी आत कसं शिरतं' याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

मग पंप कुठला? फिश टँकचा पंप बाद. तो दीड-दोन फूट पाण्यात बुडबुडे सोडायला बनवलेला असतो आणि बहुतेक वेळा घरच्या विजेवर चालतो. गाडीच्या टायरचा इन्फ्लेटर दुसऱ्या टोकाला. दाब भरपूर, पण जड, गरम होणारा आणि बॅटरी खाणारा. मधला पर्याय घरातच असतो: बीपी मशीनमधला पंप. दंडावरचा पट्टा तो पाऱ्याच्या २०० मिलिमीटरपर्यंत सहज फुगवतो, म्हणजे ०.२७ बार. याच जातीचे, ३७० नंबरच्या छोट्या मोटरवर चालणारे डायफ्रॅम पंप वेगवेगळ्या दाबांचे मिळतात.

लिस्टिंगवरचा लिटरचा आकडा असतो समोर काहीच अडथळा नसतानाचा. दाब वाढतो तसा प्रवाह कमी होतो, आणि कमाल दाबाला शून्य. म्हणून ढोबळ नियम: कमाल दाब गरजेच्या दुप्पट घ्या. आपल्या उदाहरणात ०.५ बार, म्हणजे ५० किलोपास्कल.

लिस्टिंगवर विश्वास नसेल तर घरीच टेस्ट करा. कोल्ड्रिंकची मोठी बाटली पाण्याने भरा, झाकणातून दोन नळ्या घाला आणि फटी नीट सील करा. छोटी नळी पंपाला. दुसरी पारदर्शक नळी बाटलीच्या तळापर्यंत, आणि तिचं वरचं टोक जिन्यावरून पाण्याच्या पातळीपासून २.४ मीटर उंचीवर. पंप चालू करा. वर पाणी पोचलंच नाही तर पंप बाद. पोचलं तर ५०० मिली पाणी मगमध्ये पडायला किती वेळ लागतो ते मोजा. बोटीत पंपाला पातळ हवा ओढावी लागते, त्यामुळे शेवटी शेवटी थोडा जास्त वेळ धरा. मग नळीत पाणी वर असतानाच पंप बंद करा. पाणी खाली उतरायला लागलं, तर पंपाचे रबरी व्हॉल्व्ह हवा मागे सोडतायत. तसं असेल तर पंप आणि पिशवीच्या मध्ये चेक व्हॉल्व्ह लावा.

पिशवी ढिली घ्या. साधा फुगा ताणायला वेगळा दाब लागतो. हवा परत सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असा घ्या, जो वीज गेली की बंद होतो. नाहीतर ऐन वेळी हवा निघून जाते. आणि रेडिओचा फेलसेफ सेट करा: सिग्नल गेला की व्हॉल्व्ह बंद, पंप चालू. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात पटकन शोषला जातो, म्हणून सिग्नल तुटणार हे धरूनच चला.

तर ऑर्डर करण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: कोरड्या भागातली हवा, पिशवीचं माप आणि तुमची कमाल खोली. तिन्ही हातात असले की कुठला पंप घ्यायचा हे दोन मिनिटांत कळतं. पहिली डाइव्ह मात्र बोटीला दोरी बांधूनच करा. भेटू पुढच्या भागात!