जाळी, काच आणि चाके

पुणे-सोलापूर रस्त्यावरील वरवंडच्या एखाद्या जुन्या घरात, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीस गेलेल्या पूर्वजाची तसबीर आढळली, तर पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच त्याच्या मिशांकडे व बिल्ल्यांकडे जाते. ज्या ट्रकला टेकून तो उभा आहे, त्याची विचारपूस कोणी करीत नाही. वस्तुतः तसबिरीचा काळ ठरवावयाचा झाल्यास मिशांपेक्षा ट्रकची साक्ष अधिक भरवशाची.

ट्रक आखूड नाकाचा आणि उजवीकडे सुकाणू असलेला दिसला, तर तो बहुधा कॅनडाचा. ब्रिटिश युद्धखात्याच्या नमुन्याबरहुकूम फोर्ड व जनरल मोटर्स या परस्परस्पर्धी कंपन्यांनी तेथे एकाच बांध्याचे चार लाखांवर ट्रक तयार केले, आणि त्यामुळेच दोहोंतील भेद ओळखणे ही एक नाजूक विद्या होऊन बसली. दर्शनी जाळी उभ्या-आडव्या तारांची असेल तर फोर्ड. तिरकस, शंकरपाळ्यांसारख्या घरांची असेल तर जनरल मोटर्सची शेव्हरोलेट. फोर्डचे आठ नळकांड्यांचे व्ही-इंजिन आणि शेव्हरोलेटचे एका ओळीतील सहा नळकांड्यांचे, यांचा आवाज ऐकू आला असता तर हा खटाटोपच उरला नसता. पण छायाचित्र पडले मुके.

सालाचा निवाडा काचेवरून होतो. १९४० ची अकरा क्रमांकाची आणि १९४१ ची बारा क्रमांकाची केबिन यांची पुढची काच सरळ उभी असे. त्यानंतरच्या तेरा क्रमांकाच्या केबिनीत काचेची वरची कड पुढे कललेली आहे, ती अशासाठी की उन्हाची तिरीप शत्रूच्या वैमानिकास न दिसता जमिनीकडे परतावी. अशी काच दिसली की तसबीर युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांतील नव्हे, हे निःशंक म्हणावे.

भारवाहनाचा प्रश्न मात्र डोळ्यांना चकवतो. पाऊणटनी ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांत १०१ इंचांचे अंतर, लांब तीनटनीत १५८. परंतु दीडटनी आणि आखूड तीनटनी दोन्ही १३४ इंचांचे, तेव्हा दीडटनीची १६ इंची आणि तीनटनीची २० इंची चाके पारखूनच निकाल द्यावा लागतो. हौद्यावर विसंबणारा हमखास फसतो, कारण भारतात कॅनडाहून आलेल्या सांगाड्यांवर हौदे येथील कारागिरांनी बांधले, आणि ते विलायती पुस्तकांतील चित्रांशी जुळतीलच असे नाही.

या देशी घडणीचा कळस म्हणजे ‘टाटानगर’ ही चाकांची चिलखती गाडी. सांगाडा फोर्ड कॅनडाचा, पोलाद टाटांचे, इंजिन मागे; अशा ४,६५५ गाड्या बनल्या. इंजिनच मागे गेल्यामुळे दर्शनी जाळीची खूण येथे लागू पडत नाही. अशा गाडीपुढील शिपायाच्या तसबिरीमागे घरच्यांनी ‘आजोबा व रणगाडा’ असे लिहून ठेवले असेल, तर आजोबांविषयी आदर राखूनही सांगावे लागते, की रणगाड्यास पट्टे असतात, आणि या गाडीस चार साधी रबरी चाके आहेत.