झाकली मूठ

स्वयंपाकघर नवे करावयाचे ठरले की घरातल्या प्रत्येक माणसाला मत फुटते. ओटा कोणत्या दगडाचा, सनमायका कोणत्या रंगाचा, सिंक एक की दोन, या प्रश्नांवर आमच्या घरी चांगली दोन महिने खडाजंगी चालली होती. पण कपाटांना आणि खणांना मुठी कोणत्या बसवावयाच्या, या प्रश्नावर मात्र कोणी पाच मिनिटेही खर्च केली नाहीत. सुताराने नमुन्यांचा डबा पुढे केला, आमच्या कन्येने त्यातली सुपारीएवढी, गोल, पितळी मूठ उचलली, "किती गोड आहे ही!" असे म्हटले आणि ठराव एकमताने संमत झाला. एकमताने म्हणजे आईखेरीज. तिला कोणी विचारलेच नव्हते.

स्वयंपाकघर झाले मोठे देखणे. येणारेजाणारे वाखाणू लागले. पण दोन-तीन महिन्यांतच सौ.च्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली. चमच्यांचा खण बोटभर उघडा, डाळींच्या कपाटाचे दार अर्धवट लोटलेले, असे रोज दिसे. "आई, खण लावून घेत जा हो. झुरळे शिरतात," सौ. सांगे. "राहून गेलं गं," आई म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच सुमारास आईचा दुपारी चारचा चहा बंद झाला. हा चहा ती वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चवीचा करून घेत आलेली. विचारले तर म्हणाली, "आता नको वाटतो." वय झाले, चव गेली असेल, असे म्हणून आम्हीही ते सोडून दिले.

एके दिवशी मी दुपारीच घरी आलो. पाहतो तो आई ओट्यापाशी उभी. खणाच्या मुठीला तिने जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती आणि चिंधीच्या फासात मनगट घालून ती खण ओढीत होती. मला पाहताच ती घाईघाईने गाठ सोडू लागली; पण तीही तिच्या बोटांना सुटेना.

"अगं आई, हे काय?"

"काही नाही रे. मूठ बारीक आहे, चिमटीत राहत नाही माझ्या."

मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्याचे मूळ सुजलेले, पेरांवर गाठी आलेल्या. खण उघडा का राहत होता, ते तेव्हा कळले. एकदा लावला की पुन्हा उघडता येत नाही, म्हणून ती तो लावीतच नव्हती. आणि चहाची पूड नेमकी त्याच मुठीच्या कपाटात!

"मग बोलली का नाहीस?"

"एवढा खर्च केलात तुम्ही. त्यात मी कुठे कुरकुर करू?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणतात. आमच्या घरी ती पुरे सहा महिने झाकलेली राहिली होती.

चिमूट आणि मूठ

आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. बारीक गोल मूठ धरावयाची म्हणजे अंगठा आणि एक-दोन बोटे यांची चिमूट करावी लागते. चिमटीच्या टोकाशी आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या कितीतरी पट भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या लहानशा सांध्यावर पडतो. उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, हा सांधा झिजणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. उलट कमानीसारखी मूठ असली, म्हणजे तिच्यात चार बोटे अडकवून ओढता येते. जोर दंडाचा लागतो आणि अंगठ्याला विश्रांती मिळते.

अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा १९९० साली झाला, त्याखालच्या बांधकामाच्या नियमांतही हेच तत्त्व आहे. हाताने चालवावयाची वस्तू एका हाताने चालली पाहिजे. तिला घट्ट पकडावे, चिमटीत धरावे किंवा मनगट पिळावे लागता कामा नये. आणि जोर पाच पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोंहून, अधिक लागू नये. घरच्या घरी याची परीक्षा फार सोपी आहे. हाताची मूठ मिटावी आणि त्या मिटल्या मुठीने कपाट उघडते का ते पाहावे. उघडले, तर ते घरातल्या कोणालाही उघडता येईल.

खरेदी

या वेळी आम्ही आईला बरोबर घेऊनच पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने नमुने मांडले आणि आईने एकेका मुठीत हात घालून पाहिला. त्या तासाभरात आम्ही जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडेल.

कमानीत चारही बोटे सहज गेली पाहिजेत आणि पेरे दाराला घासता कामा नयेत. मुठीची टोके दाराकडे वळून मिळालेली असावीत. मोकळ्या टोकांत पदर, ओढणी किंवा खिसा हमखास अडकतो. कडा बोथट असाव्यात. फार नक्षी नको, कारण फोडणीचा तेलकट थर नक्षीतच साचतो. पितळेची हौस असेल तर चिंच-मीठ लावून घासण्याचीही तयारी हवी. रोजच्या धबडग्यात स्टेनलेस स्टील बरे.

मूठ घेताना तिच्या दोन स्क्रूंमधले अंतर, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, मोजून घ्यावे. बाजारात ९६, १२८, १६० मिलिमीटर अशी मापे मिळतात. ही सारी ३२ च्या पटीतली आहेत, कारण युरोपातल्या फर्निचर-कारखान्यांनी भोकांसाठी ३२ मिलिमीटरचे अंतर प्रमाण धरले आणि तेच पुढे सर्वत्र रूढ झाले. आईच्या हाताला १२८ चे माप बसले.

भोक पाडण्यापूर्वी

सुतार दिवाळीच्या कामांत अडकलेला, म्हणून हे काम मीच अंगावर घेतले आणि पहिल्याच दारावर तोंडघशी पडलो. नजरेच्या अंदाजाने खूण केली, भोक पाडले आणि दोन मिलिमीटरांनी चुकलो. मुठीचा दुसरा स्क्रू काही केल्या बसेना. तेव्हा पहिला नियम हा, की पुठ्ठ्याचा साचा करावा. पुठ्ठ्याचा एक कोपरा गुण्याने तपासून बरोबर काटकोनी घ्यावा, त्यावर दोन्ही भोकांच्या जागा नीट मोजून टोचून घ्याव्यात आणि तोच साचा प्रत्येक दाराच्या कोपऱ्याला लावून खुणा कराव्यात. डाव्या-उजव्या दारांसाठी साचा उलटा करावा, एवढेच.

मुठीची जागा ठरलेली असते. भिंतीवरच्या कपाटाला बिजागरीच्या विरुद्ध बाजूस, खालच्या कोपऱ्यापाशी. ओट्याखालच्या कपाटाला वरच्या कोपऱ्यापाशी. दोन्हीकडे मूठ उभी बसवावी आणि कोपऱ्याकडचे भोक दोन-अडीच इंच अंतरावर घ्यावे. खणाला मूठ आडवी आणि बरोबर मध्यावर. अगदी खालच्या खोल खणाला ती वरच्या बाजूस घेतली तर कमरेला कमी वाकावे लागते. खण रुंद असेल तर दोन मुठी लावण्यापेक्षा एकच लांब मूठ बरी. दोन मुठींना दोन हात लागतात, आणि एकच ओढली तर खण तिरका होऊन अडतो. आणखी एक : नवी मूठ शेजारच्या दारावर किंवा फ्रिजवर आपटणार नाही ना, हे दार उघडून आधीच पाहावे.

भोक पाडताना

खुणेवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे ड्रिल घसरत नाही आणि सनमायकाचे टवके उडत नाहीत. टोच्याने बारीक खळगा करावा. दाराच्या आतल्या बाजूस लाकडाचा एक तुकडा घट्ट दाबून धरावा. ड्रिल बाहेर पडते तिथेच प्लायवूड फाटते, ते या तुकड्याने वाचते. स्क्रू बहुधा चार मिलिमीटर जाडीचा असतो. भोक साडेचार ते पाच मिलिमीटरचे पाडावे, म्हणजे थोडे इकडेतिकडे सरकवावयास वाव राहतो. ड्रिलवरचा भिंतीसाठी असलेला हातोडीचा खटका बंद ठेवावा. खण आधी रिकामा करावा. लाकडाचा भुसा मी चमच्यांतून वेचला आहे!

स्क्रूच्या लांबीकडेही लक्ष हवे. साध्या दाराला मुठीबरोबर येणारा २५ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. पण खणाला पुष्कळदा दोन फळ्या असतात, पेटीची एक आणि वरची शोभेची एक. तेथे ४५ मिलिमीटरचा लागतो. स्क्रू लांब झाला तर मूठ डुगडुगते. वायसर घालून किंवा कापून तो बेताचा करावा. शेवटचे आवळणे हातानेच करावे, नाहीतर मुठीतले आटे जातात.

आता जुन्या भोकांची गोष्ट. दारांना जुने भोकच नव्या मुठीचे एक टोक म्हणून वापरता येते. मग पाडावे लागते एकच. खणांच्या मध्यावरचे भोक मात्र उरते. त्यात गोंद लावलेल्या आगकाड्या ठोकाव्यात, वाळल्यावर वरचा भाग कापावा आणि सनमायकाच्या रंगाची पुट्टी भरावी. मुठीच्या सावलीत ते फारसे दिसत नाही. पहिल्या दारावरचे माझे चुकलेले भोक तेवढे दिसते, सौ. ते पाहुण्यांना आवर्जून दाखवते.

चौदा मुठी बसवावयास मला दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी चार वाजता मी पेचकस ठेवतो न ठेवतो तोच आई उठली. कपाटाच्या मुठीत तिने चार बोटे घातली, दार उघडले, पुडीचा डबा काढला आणि म्हणाली, "तुलाही टाकते अर्धा कप. आलं घालू ना रे?"

चमच्यांचा खण अजूनही कधी कधी उघडा दिसतो. पण आता तो खरोखरच राहून गेलेला असतो.

दिवाळीच्या साफसफाईत आपण सगळी कपाटे रिकामी करतोच. ती पुन्हा भरण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील माणसाला एकदा स्वयंपाकघरात बोलवावे आणि मिटल्या मुठीने सारी कपाटे उघडून पाहावयास सांगावे. जे दार उघडणार नाही, त्याविषयी ते माणूस बहुधा आपण होऊन काही बोललेले नसेल. आपणच विचारले पाहिजे.