मीठ, मेंदू आणि रक्तदाब

एकाच भांड्यातले कालवण घरात सगळे खातात. मग रक्तदाब एखाद्याचाच का वाढतो? १९६२ साली अमेरिकेतील डॉ. लुईस डाल यांनी उंदरांवर दाखवून दिले, की मीठ न सोसण्याची ही प्रकृती आनुवंशिक असू शकते.

पुढे अशा उंदरांत मेंदूचाही हात दिसला. मीठ वाढल्याची वर्दी मेंदूला लागते. तो मज्जातंतूंना जादा इशारे धाडतो. रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, दाब चढतो.

दुखत-खुपत मात्र बहुधा काहीच नाही. म्हणून बंधू-भगिनींनो, दाब मोजून घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते : मोठ्या माणसाला दिवसाला मीठ ५ ग्रॅमहून, म्हणजे लहान चमचाभराहून, कमीच हवे. सुके बोंबील, लोणचे, पापड त्यातच धरा. चालू गोळी मनाने थांबवू नका.