पट्ट्यावरचा परदेशी

जेडच्या म्हणून हिरव्या बांगड्या हल्ली जत्रेतही मिळतात. त्यांतल्या खऱ्या कोणत्या, हा विषय वेगळा. आज आपण बोलणार आहोत ते याच दगडावर चीनमध्ये कोरलेल्या परक्या माणसांबद्दल.

रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, म्हणून वर्णनच करतो. साधारण काडेपेटीएवढी पांढरट जेडची चकती डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर एक माणूस उठावात कोरला आहे. केस कुरळे, नाक मोठे, अंगात घट्ट झगा, पायात बूट. कुणी वीणेसारखे वाद्य छेडतो, कुणी ढोलकी वाजवतो, कुणी छोट्या गालिच्यावर बाह्या उडवत नाचतो. अशा कितीतरी चकत्या चामड्याच्या पट्ट्यावर ओळीने बसवत. चकतीच्या मागे बारीक भोके असतात, त्यांतून तार ओवून ती पट्ट्याला बांधायची.

हे पट्टे तांग घराण्याच्या काळातले, म्हणजे इ.स. 618 ते 907 मधले. कमरेचा पट्टा पाहिला की माणसाचा हुद्दा कळे. जेडचा पट्टा फक्त वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांना, त्याखाली सोने, मग चांदी; सामान्य माणसाने तांब्या-लोखंडावर भागवायचे. 1970 साली शिआन शहराजवळ हजियाछुन गावात जमिनीत पुरलेली भांडी सापडली. त्यांत हजाराहून जास्त मौल्यवान वस्तू होत्या आणि जेडचे पट्टेही होते. शिआन म्हणजेच तांग राजांची राजधानी छांगआन.

पट्ट्यावरची माणसे मध्य आशियातली. चिनी लोक त्यांना सरसकट 'हू' म्हणत. त्यांत समरकंद-बुखाऱ्याकडचे सोग्दी लोक पुष्कळ होते. खरे तर ते पक्के व्यापारी. उंटांवर माल लादून वाळवंट ओलांडायचे, वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गावात त्यांची वस्ती असायची. पण पट्ट्यावर हिशेब करणारा व्यापारी सहसा दिसत नाही. दिसतो तो वाजवणारा, नाचणारा, नाहीतर भेटवस्तू घेऊन येणारा. ज्याच्या कमरेला पट्टा, त्याला परदेशी माणूस आपली करमणूक करताना किंवा नजराणा देताना पाहायला आवडत असणार, असे आम्हाला वाटते.

आता गंमत पाहा. तो दगडही परकाच होता. चांगले जेड यायचे खोतानहून, राजधानीपासून अडीच हजार किलोमीटरहून दूर. तेव्हा ते वेगळे बौद्ध राज्य होते, तिथली भाषा इराणी कुळातली आणि लिपी आपल्या ब्राह्मीवरून घेतलेली. डोंगरातले जेड नद्यांच्या पुरात वाहून येई आणि पाणी ओसरले की गोट्यांमधून वेचून काढत.

जात्याला टाकी लावतात तसे जेडला छिन्नीने कोरता येत नाही. लोखंडी हत्यार त्याच्यावर चालत नाही. सहाणेवर हळकुंड उगाळावे तसे ते झिजवावेच लागते. फिरत्या लोखंडी चकतीवर ओली कठीण वाळू लावायची आणि दगड तिच्यावर धरून बसायचे. झिजवते ती वाळू, लोखंड नव्हे. त्या झग्याची एक चुणी काढायला कारागिराला किती वेळ बसावे लागत असेल!

नाचणाऱ्या परक्याचे कौतुक कायम टिकले नाही. आन लुशान नावाचा सेनापती सोग्दी-तुर्की वंशाचा. असाच गरगर फिरण्याचा नाच तो राजापुढे करायचा म्हणतात. 755 मध्ये त्याने बंड केले. ते आठ वर्षे चालले, देश होरपळला. याच धामधुमीत 760 साली यांगझौ शहरात सरकारी सैन्यानेच हजारो अरब आणि इराणी व्यापाऱ्यांना मारले. बंडाशी त्यांचा काय संबंध? पण परके दिसणे पुरेसे ठरले. कोरीवकाम मात्र थांबले नाही. पुढच्या घराण्यांच्या काळातही सिंह घेऊन येणारा परदेशी जेडमध्ये कोरत. सिंह चीनमध्ये नव्हताच, तोही नजराण्यातून आलेला.

खोतानचे जेड आपल्याकडे मुघल दरबारातही पोहोचले. शाहजहानचा 1657 चा पांढऱ्या जेडचा पेला आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पुढे हिंदुस्थानी जेडची भांडी चीनला गेली, तेव्हा छ्यानलुंग बादशहा त्यांच्यावर इतका खूश झाला की त्याने त्यांवर कविता केल्या. त्याने वाखाणले ते परक्यांचे हात, पण त्या कारागिरांची नावे त्यालाही माहीत नव्हती.

आणि बायका? 1637 साली सुंग यिंगशिंग या चिनी लेखकाने उद्योगधंद्यांवर एक सचित्र पुस्तक काढले. त्यात लिहिले आहे की जेडच्या नदीत चांदण्या रात्री बायका कपडे उतरवून उतरत. स्त्रीच्या ओढीने जेड वाहून न जाता थांबते, अशी समजूत होती. आम्हाला ही हकिकत ऐकीव वाटते. बायकांच्या कष्टाला असे ओढीचे नाव द्यायची सवय काही नवी नाही. पण बर्फ वितळून आलेल्या पाण्यात कुणीतरी उभे राहून गोटे चाचपत होते, हे नक्की. पट्ट्यांवर त्यांचे चित्र आम्हाला आढळले नाही. त्या पुस्तकात मात्र नदीत उतरलेल्या बायका काढलेल्या आहेत.