शाळेचे छप्पर आणि मतदारांचा कौल

शाळेचे छप्पर गळू लागले की आपल्याकडे मुख्याध्यापक वरिष्ठांकडे अर्ज धाडतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हाच प्रश्न मतदारांपुढे जातो. इमारतींसाठी कर्जरोखे काढावेत काय, याचा कौल ते देतात. फेड पुढे अनेक वर्षे मालमत्ता-करातून होते. पूर्वी त्यास दोन-तृतीयांश मते लागत. २००० सालच्या ३९व्या प्रस्तावाने ५५ टक्के पुरेशी ठरविली. मात्र अटी कडक आहेत: या पैशातून शिक्षकांचे वेतन नाही, दरवर्षी हिशेबतपासणी, आणि खर्चावर नागरिक-समितीची देखरेख. यात उणीवही आहे. श्रीमंत वस्तीला हा भार हलका, गरीब वस्तीला जड. तरीही आपला पैसा कोणत्या भिंतीत गेला, हे तेथील करदाता विचारू शकतो. शिक्षण-उपकर भरणाऱ्या आपणही निदान तेवढे विचारावयास नको काय?