शाळेतील संगणकावरून बिनतारी जाळे कसे उभारावे

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ शाळांतून आज एक संगणक व चार-सहा टॅबलेट आढळतात. परंतु इंटरनेटची तार मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीतील संगणकापर्यंत येऊन थांबलेली असते. परिणामी टॅबलेट कपाटात पडून राहतात, अथवा शिक्षक स्वतःच्या पैशाने भरलेला मोबाईलचा डेटा मुलांकरिता खर्च करतात. तो दुपारपर्यंत संपतो. आणि गुरुजी दुसऱ्या वर्गावर गेले की मोबाईलही त्यांच्याबरोबर जातो व पाठ अर्ध्यावर राहतो. ही अडचण पुष्कळ अंशी दूर करणारे एक लहानसे साधन बाजारात मिळते. त्याची निवड व मांडणी कशी करावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

या साधनास यूएसबी वाय-फाय ॲडॉप्टर म्हणतात. दुकानदार त्यास डोंगल म्हणतो आणि घोटाळ्याचा प्रारंभ येथेच होतो. कारण सिमकार्ड घालून इंटरनेट देणाऱ्या वस्तूसही लोक डोंगलच म्हणतात. आपणांस हवे असलेले ॲडॉप्टर स्वतः इंटरनेट आणीत नाही. त्यात सिमकार्डाची जागा नसते. संगणकाजवळ आधीच असलेले इंटरनेट बिनतारी लहरींच्या रूपाने आसपास वाटणे, एवढेच त्याच्याकडून करवून घ्यावयाचे असते.

पाटाच्या पाण्यावरून ही गोष्ट मुलांनाही समजावून देता येईल. कालव्यातून पाणी येण्याचा मार्ग एक, आणि तेथून वाफ्यावाफ्यांत जाणारी चारी दुसरी. संगणकास येणारी तार हा कालवा होय व ॲडॉप्टर ही चारी होय. तार नसेल तर मोबाईल यूएसबीच्या दोरीने संगणकास जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' चालू केले, तरी कालव्याचे काम भागते. एकाच ॲडॉप्टरने बिनतारी इंटरनेट घेणे व तेच पुन्हा बिनतारी देणे काही यंत्रांवर साधते. परंतु घेणे व देणे एकाच वाहिनीवर आळीपाळीने होत असल्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो. म्हणून येणारा मार्ग तारेचा असावा हेच बरे.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. प्रत्येक ॲडॉप्टर दुसऱ्याचे जाळे पकडू शकते. परंतु स्वतः जाळ्याचे केंद्र होण्याची क्षमता सर्वांत असतेच असे नाही. ही क्षमता आतील चिप आणि तिचे ड्रायव्हर या दोहोंवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाने पहिले ॲडॉप्टर तालुक्याच्या गावी स्वस्त मिळाले म्हणून घेतले. ते शेजारच्या घरातील जाळे उत्तम पकडी, स्वतःचे जाळे मात्र उभारीना. दोन दिवस सेटिंग्ज उलटसुलट करण्यात गेले व दोष आपल्या अज्ञानाचा आहे असेच वाटत राहिले. तेव्हापासून एक नियम केला आहे : दुकानातच संगणकास जोडून हॉटस्पॉट चालू करून दाखवावयास सांगावे व मगच पैसे द्यावेत. शाळेचा संगणक लिनक्सवर चालत असल्यास अधिक काळजी घ्यावी, कारण काही चिपांची ड्रायव्हर त्या प्रणालीत मुळात अंतर्भूत नसतात. आणखी एक गंमत अशी की, काही ॲडॉप्टरे प्रथम जोडली असता सीडीसारखी दिसतात. कारण ड्रायव्हर त्यांच्याच पोटात साठविलेली असतात. ती बसविली की मग ॲडॉप्टर खऱ्या रूपात प्रकट होते.

विंडोज १० व ११ या प्रणालींवर मांडणी सोपी आहे. (विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, हे ध्यानात असावे.) 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' व त्यात 'मोबाईल हॉटस्पॉट' उघडावे. कोणते इंटरनेट वाटावयाचे असे तेथे विचारले जाते, त्या ठिकाणी तारेची जोडणी निवडावी व वाटण्याचे साधन म्हणून वाय-फाय निवडावे. नंतर जाळ्याचे नाव व पासवर्ड बदलून कळ चालू करावी. एका वेळी आठ साधने जोडता येतात, अधिक नाही. तीस टॅबलेट एकदम चालवावयाचे असतील तर या उपायाच्या मागे न लागता स्वतंत्र राउटर घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नावासंबंधी एक मौज सांगण्यासारखी आहे. जाळ्याच्या नावास ३२ बाइट एवढीच जागा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट घेते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आणि मात्रा, अनुस्वार व हलन्त ही सर्व निरनिराळी चिन्हे म्हणून मोजली जातात. म्हणजे मोकळी जागा सोडून दहाच चिन्हे मावतात. 'शाळा वडगाव' हे नाव २८ बाइटांत बसते. 'प्राथमिक शाळा' या नावास ३७ लागतात, म्हणून ते बसत नाही. ही मोजणी वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घ्यावी. गणित व लिपी या दोहोंचाही अभ्यास होतो. तथापि काही जुनी साधने देवनागरी नाव नीट दाखवीत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात नाव रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे.

पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा लागतो. तो शाळेचे नाव किंवा एकापासून आठपर्यंतचे अंक असा असू नये, व फळ्यावर लिहून ठेवू नये. लहरी शाळेच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. रस्त्यावरील मंडळींसही त्या मिळतात व खर्च शाळेच्या माथी येतो.

लहरींच्या दोन पट्ट्यांपैकी एक निवडावयाची असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते; ती भिंतीतून अधिक दूर जाते व जुने टॅबलेटही तीच ओळखतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान खरी, पण जाड दगडी भिंतीपुढे लवकर नमते. खेड्यातील शाळेस पहिलीच योग्य. लोखंडी कपाट मात्र कोणत्याही लहरीस अडविते. एका शाळेत संगणक कपाटाच्या मागे होता व वर्गात काहीच पोचत नव्हते; हातभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून ॲडॉप्टर खिडकीपाशी टांगताच आठही टॅबलेट जोडले गेले. अशा केबलचा दुसराही लाभ आहे. यूएसबी ३ च्या खाचेत दुसरे एखादे साधन चालू असता २.४ गिगाहर्ट्झवर खरखर उत्पन्न होते. ॲडॉप्टर दूर गेले की ती कमी होते.

आता खर्चाचा प्रश्न. शिक्षकांच्या खिशाला चाट बसते ती येथेच. मोबाईलचा डेटा या मार्गाने वाटल्यास टॅबलेटला वाटते की हे मोफतचे वाय-फाय आहे, आणि तो आपल्या ॲपांच्या सुधारित आवृत्त्या निवांतपणे उतरवू लागतो. पाठ सुरू होण्यापूर्वीच दिवसाचा डेटा संपल्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा यातच असते. म्हणून प्रत्येक टॅबलेटवर प्ले स्टोअरमधील आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद करावी, व संगणकावर ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदवावी.

याहूनही उत्तम मार्ग म्हणजे इंटरनेटवाचून जाळे वापरणे. जाळे म्हणजे इंटरनेट नव्हे. संगणकावर साठविलेले साहित्यही त्यावरून टॅबलेटवर जाऊ शकते. कोलिब्री नावाची मोफत प्रणाली याच हेतूने तयार झालेली आहे. चांगले इंटरनेट असेल तेथे एकदा नेऊन तीत पाठ व गोष्टी उतरवून घ्याव्यात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरील गोष्टीही तीत मिळतात. त्याचप्रमाणे किविक्स या प्रणालीने संपूर्ण मराठी विकिपीडिया संगणकावर ठेवता येतो. मग टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा पत्ता टंकावा. विंडोजच्या हॉटस्पॉटवर तो बहुतेक १९२.१६८.१३७.१ असा असतो. कोलिब्रीकरिता त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह देऊन ८०८० लिहावे. अंक इंग्रजीत टंकावेत. टॅबलेट जोडलेला असूनही पान उघडले नाही, तर विंडोजच्या फायरवॉलने वाट अडविली आहे असे समजावे व तेथे त्या प्रणालीस अनुमती द्यावी.

येथे एक उणीव आहे. कोणतीच जोडणी नसेल तर विंडोज हॉटस्पॉट सुरूच करीत नाही. तशा वेळी तार किंवा मोबाईल नावापुरता तरी जोडून ठेवावा लागतो. लिनक्सवर ही अट नाही. उबुंटूत वाय-फायच्या सेटिंग्जमधून हॉटस्पॉट इंटरनेटशिवायही चालू होतो. दुसरे असे की, कोणीच जोडलेले नसेल तर विंडोज हॉटस्पॉट काही मिनिटांत आपोआप बंद करते. मधल्या सुटीनंतर जाळे नाहीसे झालेले दिसते ते यामुळे. त्याच पानावरील 'पॉवर सेव्हिंग' बंद करावे. वीज जाऊन आल्यावर मात्र कळ पुन्हा हातानेच चालू करावी लागते. हे काम वरच्या वर्गातील दोघा मुलांना शिकवून ठेवावे.

ॲडॉप्टर अंगठ्याएवढे असते व सहज हरवते. खरेदी होताच जडवस्तुसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद करावी, आणि उन्हाळ्याच्या सुटीत ते काढून, चिठ्ठी लावलेल्या डबीत घालून कुलपात ठेवावे.