पाच रुपयांचं तिकीट, दहा रुपयांचा फलाट

खार रोड स्टेशनच्या तिकीट खिडकीवर सांताक्रूझचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांत मिळतं. त्याच खिडकीवर फलाट तिकीट मागितलं, तर दहा रुपये मोजावे लागतात. गाडीत बसून पुढच्या स्टेशनात उतरणाऱ्यापेक्षा म्हाताऱ्या आजीला डब्यात बसवून माघारी फिरणाऱ्या नातवाला दुप्पट खर्च येतो. लोकलने रोज जा-ये करणाऱ्यांना हे पाठ असतं, म्हणून कुणाला सोडायला आलेली मंडळीही बरेचदा सरळ पुढच्या स्टेशनाचं तिकीट काढतात.

यामागे कारण आहे. फलाट तिकीट एप्रिल २०१५ मध्ये पाचाचं दहा रुपये झालं. ते महाग ठेवण्यात फलाटावर विनाकारण गर्दी होऊ नये, असाही हिशेब असतो. मार्च २०२१ मध्ये, करोनाच्या दिवसांत, मुंबईतल्या काही मोठ्या स्थानकांवर याच तिकिटाला पन्नास रुपये पडत होते. लोकलचं भाडं मात्र शहराच्या पोटापाण्याशी जोडलेलं, त्याला हात लावायला कोणतंही सरकार कचरतं. एक दर गर्दी हटवण्यासाठी आणि दुसरा गर्दीला कामावर पोहोचवण्यासाठी ठरला. दोन्ही एकाच खिडकीवर शेजारी येऊन बसले, तेव्हा ही विसंगती तयार झाली.

खार रोड स्टेशन १ जुलै १९२४ ला सुरू झालं. चर्चगेटपासून ते सतरा किलोमीटरवर आहे. दक्षिणेला वांद्रे दोन किलोमीटर, उत्तरेला सांताक्रूझ एक, पार्ले तीन, अंधेरी पाच. या चारही ठिकाणांचं सेकंड क्लासचं भाडं एकच, पाच रुपये. एक किलोमीटर जाणारा आणि पाच किलोमीटर जाणारा इथे सारखाच, कारण भाडं टप्प्याने मोजलं जातं. टप्प्याच्या आत कितीही जा, दर तोच. टप्प्याची रेघ ओलांडून एक स्टेशन जरी पुढे गेलं, तरी दर एकदम पाच रुपयांनी वाढतो. २०१३ पासून भाडी पाचच्या पटीत आणली गेली. सुट्या पैशांवरून खिडकीवर होणारी हुज्जत त्यामुळे कमी झाली, पण मधल्या पायऱ्या गेल्या आणि रेघेच्या अलीकडचा नि पलीकडचा प्रवासी यांच्यातलं अंतर ठळक झालं.

हे दर बदलणं किती अवघड आहे, ते जून २०१४ मध्ये दिसलं. मासिक पासाची रक्कम तोवर साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर काढली जायची. ती तीस फेऱ्यांवर न्यायचं रेल्वेने जाहीर केलं. पास जवळपास दुप्पट होणार, हे कळताच मुंबईत संताप उसळला. चार-पाच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला आणि ऐंशी किलोमीटरपर्यंतच्या सेकंड क्लासच्या उपनगरी भाड्यालाही वाढीतून वगळलं गेलं. २०२५ च्या जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात देशभर रेल्वेभाडं वाढलं, तेव्हाही उपनगरी तिकिटं आणि पास यांना धक्का लागला नाही. हे योग्यच झालं. घरकामाला, भाजी विकायला, शिकवणीला जाणाऱ्या माणसाचं महिन्याचं गणित या पाच रुपयांवर उभं आहे.

त्याच रुळावर, त्याच एका किलोमीटरला दुसरे दरही आहेत. मे २०२२ मध्ये फर्स्ट क्लासचं किमान भाडं पन्नासवरून पंचवीस रुपयांवर आलं, तर एसी लोकलचं पाच किलोमीटरचं भाडं पासष्टवरून तीसवर आणल्याचं जाहीर झालं. डबा बदलला की तोच प्रवास पाच-सहा पटीने महाग. त्यात विनातिकीट सापडल्यास टीसी भाड्याशिवाय किमान अडीचशे रुपये दंड घेतो. सेकंडच्या किमान भाड्याची ही पन्नास पट झाली.

लंडनच्या भुयारी रेल्वेत लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्टेशनं जेमतेम अडीचशे मीटरवर आहेत आणि तिथेही भाडं अख्ख्या विभागाचं द्यावं लागतं. लहान प्रवासाला पूर्ण टप्प्याचं भाडं, हा प्रकार जगभरचा आहे. मुंबईची खरी गुंतागुंत दिसते ती एक मार्ग सोडून दुसरा धरताना.

अंधेरी आणि घाटकोपर घ्या. नकाशावर ही दोन्ही उपनगरं समोरासमोर आहेत, पण एक पश्चिम रेल्वेवर आणि दुसरं मध्य रेल्वेवर. लोकलने जायचं तर दादरला उतरून, पूल चढून, पुन्हा उलट वर यायचं. सुमारे बावीस किलोमीटरचा हा फेरा दहा रुपयांत होतो. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिची पूर्ण लांबी ११.४ किलोमीटर, लोकलच्या फेऱ्याच्या निम्मी. भाडं ठरवण्यावरून राज्य सरकार आणि मेट्रोची कंपनी यांच्यात वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २०१५ पासून वर्सोवा ते घाटकोपर चाळीस रुपये झाले. ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसे नाहीत, तो आजही दादरच्या पुलावरून जातो. वेळेची किंमत इतक्या उघडपणे मांडणारी दुसरी जागा मुंबईत क्वचितच सापडेल.

नावांमुळेही गोंधळ होतो. बाहेरगावची गाडी वांद्रे टर्मिनसवरून सुटणार म्हटल्यावर माणूस वांद्र्याला उतरतो आणि सामानासकट रिक्षा शोधतो. प्रत्यक्षात २०२२ च्या जुलैत पश्चिम रेल्वेने खार रोडला वांद्रे टर्मिनसशी जोडणारा ३१४ मीटर लांबीचा पादचारी पूल खुला केला. अंधेरीकडून येणाऱ्याने वांद्र्याऐवजी एक स्टेशन आधी, खारला उतरावं. तिकीट तेवढंच, रिक्षाचे पैसे वाचतात आणि चालत टर्मिनस गाठता येतं. हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

आणि मग खारदांडा. स्टेशनपासून पश्चिमेला दीड-दोन किलोमीटरवर, समुद्राला लागून असलेला हा जुना कोळीवाडा. इथल्या माणसाला अंधेरीहून खारपर्यंत पाच किलोमीटर यायला पाच रुपये लागतात. पुढे दांड्यापर्यंत बेस्टच्या साध्या बसला किमान दहा रुपये, एसी बसला बारा. हे दर ९ मे २०२५ पासूनचे. त्याआधी, जुलै २०१९ पासून, बसचं किमान भाडंही पाचच रुपये होतं. रिक्षा केली तर १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरलाच सव्वीस. मासळीची पाटी घेऊन मालडब्यातून उतरलेल्या कोळणीला बसच्या गर्दीत पाटी चढवणं सोपं नसतं, त्यामुळे तिला बरेचदा रिक्षाच करावी लागते. लांबचा पल्ला स्वस्तात आणि घराजवळचा तुकडा पाचपट दराने, ही तिची रोजची अडचण आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट धरून अकरा सेवांची तिकिटं त्यात एकत्र काढता येतात आणि खिडकीसमोरची रांग टळते. पण गाडी बदलली की पुढच्या सेवेचं किमान भाडं नव्याने सुरू होतं. लोकलचं तिकीट दाखवणाऱ्याला पुढच्या बसमध्ये निम्मं भाडं, एवढी साधी सवलत त्यात जोडली, तरी खारदांड्याच्या माणसाचे अंधेरीहून घरी पोहोचायचे पंधरा रुपये दहावर येतील.